हजेरीपुरता आवाज

आमच्या घरी पत्र्याच्या एका ट्रंकेत दोन प्रगतिपुस्तकं आहेत. दोन्ही १९८५-८६ सालची आणि एकाच शाळेची. एक माझं, इयत्ता नववीचं. दुसरं माझ्या धाकट्या भावाचं, इयत्ता आठवीचं. माझ्या पुस्तकात वर्गशिक्षकांचा शेरा आहे : 'शांत व गुणी मुलगी.' भावाच्या पुस्तकात आहे : 'अबोल. कोणात मिसळत नाही. सुधारणा हवी.'

वर्गात आम्ही दोघंही सारखेच गप्प असायचो. दहा बाय बाराच्या एकाच खोलीत वाढलो होतो आणि एकाच वाटेनं शाळेत जात होतो. एकाला शाबासकी मिळाली, दुसऱ्याला ताकीद. शाळेचं नाव लिहिण्याचं कारण नाही. त्या काळात पिंपरी-चिंचवडमधल्या कोणत्याही मोठ्या शाळेत साधारण हेच लिहिलं गेलं असतं, आणि ज्या शिक्षकांनी ते लिहिलं त्यांच्यापुढे त्या दिवशी अशी आणखी साठ पुस्तकं पडलेली होती.

आई गेल्यानंतर ट्रंक आवरताना ही पुस्तकं हाती आली. तेव्हापासून मराठीतली शाळेवरची पुस्तकं आणि चित्रपट मी पुन्हा काढून बसले. मला एवढंच बघायचं होतं की आपल्या साहित्यानं गप्प मुलाबद्दल काय शेरा लिहिला आहे. शिक्षणशास्त्र मी रीतसर शिकलेली नाही, साहित्यही नाही. वाचत आले आहे इतकंच. पण या दोन शेऱ्यांमधला फरक कळायला पदवी लागत नाही.

आधी शाळेच्या आकाराबद्दल, कारण सगळी गोष्ट तिथून सुरू होते.

पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली. मग टेल्को आणि बजाज आल्या, आणि त्यांना सुटे भाग पुरवणारे शेकडो लहान कारखाने आले. १९७२ मध्ये नवनगर विकास प्राधिकरण झालं, १९८२ मध्ये महानगरपालिका. २००१ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या दहा लाखांच्या घरात होती, २०११ मध्ये ती सतरा लाखांवर गेली. तोवर चाकणला बजाज, महिंद्र, फोक्सवॅगन, मर्सिडीज यांचे कारखाने उभे राहिले होते आणि कुरुळी, निघोजे, म्हाळुंगे, मेदनकरवाडी या गावांत शेतांच्या जागी भाड्याच्या खोल्यांच्या रांगा लागल्या होत्या. माणसं वाढली त्या वेगानं शाळा वाढल्या नाहीत. ज्या होत्या त्या फुगल्या. पाचवी ते दहावीचे सहा वर्ग, प्रत्येकाच्या आठ तुकड्या, तुकडीत साठ मुलं, असा नुसता गुणाकार केला तरी पट २,८८० होतो. एवढी मुलं एका इमारतीत एका वेळी मावत नाहीत, म्हणून दोन अधिवेशनं. आमच्या शाळेत आठवी ते दहावी सकाळी भरायची, पाचवी ते सातवी दुपारी. म्हणजे बाकसुद्धा अर्ध्याच दिवसापुरता तुमचा.

तुकड्यांची अक्षरं अ, ब, क, ड, इ, फ, ग, ह अशी. मराठी शाळेत वर्णमाला शिकवायची आणि तुकड्यांना नावं इंग्रजी क्रमाची द्यायची, हे कोडं मला तेव्हाही सुटलं नव्हतं. मी नववी 'इ' मध्ये होते. हजेरी नावानं होत नसे, क्रमांकानं होई. 'सत्तेचाळीस!' 'हजर.' कित्येक दिवस असे गेले की शाळेच्या साडेपाच तासांत माझ्या तोंडून बाहेर पडलेला तो एकच शब्द होता.

हे कुणी मुद्दाम केलेलं नसतं. पस्तीस मिनिटांच्या तासिकेत साठ मुलांनी अर्धा-अर्धा मिनिट बोलायचं म्हटलं तरी तीस मिनिटं जातात. धडा कधी शिकवायचा? मग जी दहा-बारा मुलं आपणहून हात वर करतात त्यांच्यावर वर्ग चालतो. उरलेल्या पन्नासांत कोण अंतर्मुख आहे, कोण घाबरलेलं, कोण उपाशी आणि कोणाला फळाच दिसत नाही, हे मागून सगळं एकसारखं दिसतं. एका शब्दात त्याची वासलात लागते : अबोल.

हा शब्द निदान हळुवार तरी आहे. मराठीत गप्प माणसासाठी जे बाकीचे शब्द आहेत ते एकदा ओळीनं म्हणून पाहावेत : घुमा, एकलकोंडा, बुजरा, मुखदुर्बळ, मुखस्तंभ, माणूसघाणा. यातला एकही कौतुकाचा नाही. 'घुमा' म्हटलं की मनात काहीतरी लपवून ठेवणारा. 'बुजरा' तर आपण गुरांवरून घेतला. बैल बुजतो, घोडा बुजतो. 'मुखदुर्बळ' मध्ये थेट व्यंगच आहे. कार्ल युंगनं १९२१ च्या आपल्या ग्रंथात अंतर्मुख आणि बहिर्मुख या दोन वृत्ती मांडल्या तेव्हा एक चांगली नि दुसरी वाईट असं त्याला म्हणायचं नव्हतं. मनाची ओढ कुणीकडे आहे एवढाच प्रश्न होता. गंमत अशी की त्यासाठी आपण वापरतो तो 'अंतर्मुख' हा शब्द आपल्याकडे अध्यात्मातला, मानाचा. साठीच्या माणसाला 'अलीकडे फार अंतर्मुख झालेत' म्हटलं तर तो गौरव असतो. चौदा वर्षांच्या मुलाला तोच शब्द लावून कुणी शेरा लिहिल्याचं माझ्या पाहण्यात नाही. त्याच्या वाट्याला घुमा आणि एकलकोंडाच येतात.

आणि मुलगी असेल तर यातलं काहीच नाही. तिच्यासाठी दुसरा कप्पा आहे : शांत, सालस, सोशिक, गरीब गाय. त्याकडे नंतर येते.

आता साहित्य. मिलिंद बोकील यांची 'शाळा' २००४ साली आली आणि शाळेवरच्या मराठी लेखनाचं तेव्हापासून तेच मोजमाप झालं. आणीबाणीचा काळ, नववीतला मुकुंद जोशी, त्याचे मित्र सुऱ्या, चित्र्या, फावड्या, अर्धवट बांधलेल्या इमारतीतला त्यांचा अड्डा आणि शिरोडकर. मुकुंदाला अबोल म्हणणं पहिल्या वाचनात चूक वाटेल, कारण कादंबरीभर तोच बोलतो. पण तो बोलतो ते आपल्याशी. वर्गात, घरात, शिरोडकरसमोर प्रत्यक्ष उच्चारलेली त्याची वाक्यं वेगळी काढली तर ती फार थोडी भरतील. बाकीचा सगळा ओघ आतला आहे. गप्प मुलाच्या आत भाषा कमी नसते, उलट जरा जास्तच असते, हे या कादंबरीनं न सांगता दाखवलं. प्रथमपुरुषी निवेदनाची ही खरी किमया : शाळेला जे ऐकू येत नाही ते वाचकाला येतं.

प्रकाश नारायण संतांचा लंपन याच जातीचा, वयानं थोडा लहान. 'वनवास' पासून 'झुंबर' पर्यंतच्या चार संग्रहांत हा मुलगा बेळगावकडच्या कानडी वळणाच्या मराठीत स्वतःशी बोलत राहतो. आईवडिलांपासून दूर, आजी-आजोबांकडे राहणारा. त्याच्या एकटेपणाला संतांनी कुठेही रोगाचं नाव दिलेलं नाही. तो एकटा भटकतो, वस्तू न्याहाळतो, आवाज कानात साठवतो, आणि कथेतल्या कुणालाही त्याला 'मिसळायला' लावावंसं वाटत नाही. मराठीत अंतर्मुख मुलाला इतक्या आदरानं दुसऱ्या कुणी वागवल्याचं मला माहीत नाही.

मात्र दोन्हीकडे एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, आणि ती माझ्या लक्षात फार उशिरा आली. लंपन कुणाचा नातू हे गावाला माहीत आहे. मुकुंदाला नरूमामा आहे. घरातल्या थोरांपैकी हा एक माणूस असा, की ज्याच्याशी पोराला मनातलं बोलता येतं. औद्योगिक पट्ट्यातल्या मुलाचा मामा इथे नसतो. तो लातूरला असतो, जळगावला असतो, हल्ली समस्तीपूरला असतो. फॅक्टरीनं बाप आणला, बापानं मागून बायकापोरं आणली. मामा, आजी, शेजारची काकू, देवळातला गुरव ही सगळी मूल ओळखणारी माणसं गावीच राहिली. म्हणून इथलं गप्प मूल घरी गेल्यावरही पुष्कळदा गप्पच असतं. त्याला स्वभावाखेरीज आणखी एक कारण आहे, आणि ते कारखान्याच्या भोंग्याशी बांधलेलं आहे.

माझे वडील तिन्ही पाळ्यांत काम करायचे. तिसरी पाळी असली की सकाळी घरी येत आणि दिवसभर झोपत. एकच खोली. आईचं पहिलं वाक्य असे, 'आवाज करू नका, बाबा झोपलेत.' भांडं वाजवायचं नाही, रेडिओ लावायचा नाही, मोठ्यानं पाढे म्हणायचे नाहीत, भांडायचं तर ओठांनी भांडायचं. महिन्यातला एक आठवडा असा. दुसऱ्या पाळीचा आठवडा असेल तर आम्ही झोपल्यावर बाबा यायचे आणि आम्ही शाळेत जाताना ते झोपलेले असायचे, म्हणजे तेव्हाही तेच. मी आणि माझा भाऊ कुजबुजत वाढलो. आजही आम्ही फोनवर इतक्या हळू बोलतो की माझा नवरा चेष्टा करतो. पिंपरी, भोसरी, आकुर्डीत अशी हजारो घरं होती. चिखली, तळवडे, मोशी आणि चाकणच्या खोल्यांत ती आजही आहेत. त्या घरांतल्या मुलांना गप्प राहणं हे पहिलं वळण म्हणून लावलेलं असतं. शाळेनं त्याला स्वभाव मानलं. भावाचं प्रगतिपुस्तक सहीसाठी बाबांपुढे गेलं तेव्हा त्यांनी शेरा दोनदा वाचला आणि विचारलं, 'तुला शाळेत कोणी मारतं का रे?' तो म्हणाला, 'नाही.' बाबांनी सही केली आणि ते झोपले.

गप्प राहण्याची कारणं वेगळी करून दाखवण्याचं काम आपल्याकडे पुस्तकांपेक्षा अलीकडच्या चित्रपटांनी जास्त चांगलं केलं आहे. अविनाश अरुण यांच्या 'किल्ला' मधला चिन्मय वडील गेल्यामुळे गप्प आहे. पुण्यातला स्कॉलर मुलगा, आईची बदली झाली म्हणून कोकणातल्या गावात येऊन पडलेला. त्याचं ते गप्प असणं म्हणजे दुःख आहे, आणि दिग्दर्शक त्याला घाई करत नाही. पण तिथेही गाव लहान आहे. पोरांना नवा मुलगा टाळताच येत नाही. ती त्याला ओढतात, चिडवतात, किल्ल्यावर एकटा सोडून पळतात, पुन्हा जवळ घेतात. हाच चिन्मय आईबरोबर बदली होऊन मोशीला आला असता तर? 'ग' तुकडीत एकसष्टावा म्हणून बसला असता आणि त्याला किल्ल्यावर न्यायला कुणी आलं नसतं. सोडून पळायलाही नाही.

नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री' मधला जब्या गप्प आहे तो जातीमुळे. त्याला बोलता येत नाही असं मुळीच नाही. पिऱ्याबरोबर काळ्या चिमणीच्या मागे हिंडताना तो मोकळाच असतो. शाळेत आणि गावात त्याचा आवाज आत ढकलला गेलेला आहे, आणि चित्रपटाच्या शेवटी तो दगड होऊन बाहेर येतो. या मुलाच्या पुस्तकात 'अबोल, मिसळत नाही' असं लिहिणं केवळ चूक नाही, तर तो गावानं केलेल्या गुन्ह्याचा भार मुलाच्या डोक्यावर ठेवण्याचा प्रकार आहे.

आमच्या पट्ट्यात याची आणखी एक जात आहे आणि तिच्यावर चित्रपट अजून निघालेला नाही : भाषेमुळे येणारी गप्पी. नांदेड-परभणीकडून आलेला मुलगा आठवीत दाखल होतो आणि पहिल्या दिवशी 'मी करायलो ना सर' म्हणतो. वर्ग हसतो. दोन-चार दिवसांत तो बोलणं बंद करतो. खानदेशातून आलेल्यांचं तेच, वऱ्हाडातल्यांचं तेच. घरी भोजपुरी किंवा कानडी बोलणारी मुलं महापालिकेच्या मराठी वर्गात बसतात त्यांचं तर विचारूच नये. ही मुलं स्वभावानं बडबडी असू शकतात. मधल्या सुट्टीत गाववाल्या पोरांत ऐकावीत. वर्गात मात्र ती अंतर्मुख मुलांच्या रांगेत जमा होतात, आणि खरं अंतर्मुख मूल त्यांच्याआड आणखी दिसेनासं होतं.

मोठ्या शाळेनं केलेल्या चाळणीचा चित्रपट म्हणून सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'दहावी फ' चं (२००२) नाव घेतलं जातं, आणि ते योग्यच आहे. गुणांवरून पाडलेल्या तुकड्या, शेवटच्या तुकडीच्या कपाळावरचा शिक्का, त्या मुलांचा उद्रेक आणि त्यांच्या पाठीशी उभा राहणारा, अतुल कुलकर्णींनी साकारलेला शिक्षक. मला तो चित्रपट आवडतो. पण पाहताना दर वेळी वाटतं, 'फ' मधली मुलं निदान मोडतोड करून दिसतात तरी. 'अ' मधली गुणांनी दिसतात. 'ड' मधल्या मधल्या बाकावरच्या मुलानं काय करावं? नापास होत नाही, पहिलं येत नाही, काच फोडत नाही. त्याचा चित्रपट कसा काढणार? नाट्य म्हणून त्याच्यात काही नाहीच. मोठ्या शाळेतल्या अंतर्मुख मुलाबद्दल आपलं साहित्य गप्प आहे याचं अर्धं कारण मला हेच वाटतं.

'शाळा' चा चित्रपट सुजय डहाके यांनी केला तेव्हाही हीच अडचण होती. पुस्तकातला मुकुंद आत बोलतो. पडद्यावर आतलं बोलणं दाखवायचं कसं? त्या पटकथेला रूपांतरित पटकथेचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. लेखक अविनाश देशपांडे निगडी. आमच्या उपनगराचं नाव राष्ट्रीय पुरस्कारांच्या यादीत असं आडनावामागून गेलं, याचा मला उगीचच आनंद झाला होता.

शाळा मूल खरोखर ऐकते का, याचा एक पुरावा आकड्यांत आहे. दहावीला भाषा विषयांत ८० गुण लेखी आणि २० गुण तोंडी आणि अंतर्गत कामाचे असत. मूल बोलतं कसं, ऐकतं कसं हे शिक्षकानं समोर बसवून पाहावं, हा त्या वीस गुणांमागचा हेतू. २०१८-१९ मध्ये भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे हे अंतर्गत गुण बंद झाले. २०१८ चा राज्याचा निकाल ८९.४१ टक्के होता. २०१९ चा ७७.१० टक्क्यांवर आला. त्या वर्षी अभ्यासक्रमही नवा होता, हे खरं. लगेच पुढच्या वर्षी ते गुण परत दिले गेले आणि २०२० चा निकाल ९५.३० टक्के लागला. करोनामुळे भूगोलाचा पेपर झाला नव्हता, हेही खरं. पण या सगळ्या सूट-वजावटी करूनही एक गोष्ट उरते. ते वीस गुण बोलण्याचे नव्हते. दोनशे चाळीस मुलांची तोंडी परीक्षा खरोखर घ्यायला एका शिक्षकाला आठवडे लागतील. म्हणून मोठ्या शाळांत पुष्कळदा यादी समोर ठेवून सरसकट अठरा-एकोणीस भरले जातात. गप्प मुलाला यात दिलासाच मिळाला. न बोलता त्याला बोलण्याचे अठरा मिळाले. दहा वर्षांत शाळेनं त्याचा आवाज एकदाही ऐकलेला नसतो, आणि गुणपत्रिका सांगते की तो उत्तम बोलतो.

आठवीपर्यंतच्या वर्गांत हीच गोष्ट शेऱ्यांच्या रूपानं चालते. २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं आणि प्रत्येक मुलाबद्दल वर्णनात्मक नोंदी लिहायच्या ठरल्या : विशेष प्रगती, आवड व छंद, सुधारणा आवश्यक. कल्पना फार चांगली. शिक्षक मुलाबद्दल वाक्य लिहिणार म्हणजे त्याला मुलाकडे बघावं लागणार. प्रत्यक्षात अशा नोंदींच्या तयार पुस्तिका बाजारात आल्या. मी त्यातल्या काही मिळवून वाचल्या. समीक्षकाला रंजक वाटावा असा तो वाङ्मयप्रकार आहे. 'वर्गात मोकळेपणाने बोलतो' हे वाक्य प्रगतीच्या रकान्यात आणि 'बोलताना संकोचतो' हे सुधारणेच्या. विचार करून बोलणं, ऐकून घेणं, एकट्यानं एखादं काम तडीस नेणं यांना प्रगतीत फारशी जागा सापडली नाही. मुलगा किंवा मुलगी असा फरक पुस्तिकेत नसतो. तो लिहिणाऱ्याच्या हातात असतो.

मोठ्या शाळेच्या बाजूनंही बोललं पाहिजे. आमच्यासारख्या एका खोलीतल्या मुलांना ती गर्दी आडोसा होती. घरी कुठे एकटं बसायला जागा नव्हती. शाळेच्या मागच्या जिन्यात, पाण्याच्या टाकीपाशी, प्रयोगशाळेच्या व्हरांड्यात मी मधल्या सुट्टीत पुस्तक घेऊन बसत असे आणि दोन हजार पोरांत मला कुणी शोधत नसे. गावातल्या शाळेत हे जमलं नसतं. तिथे 'काय गं, एकटी का?' असं विचारणारे दहा जण निघाले असते. दुसरी एक आठवण बाकाची. नववीत असताना मी बाकावर पेन्सिलीनं अर्धवट शब्द लिहून ठेवला, मधली अक्षरं गाळून. दुसऱ्या दिवशी सकाळी तो पूर्ण केलेला होता आणि खाली नवा कोडं घातलेला. दुपारच्या अधिवेशनात त्या बाकावर बसणारं पाचवी-सहावीतलं कुणीतरी मूल. दिवाळीपर्यंत हा व्यवहार चालला. मुलगा की मुलगी, मला कधी कळलं नाही. त्या वर्षातली माझी सगळ्यात जवळची मैत्री तीच म्हणावी लागेल. सुट्टीत बाकांना रंग दिला गेला आणि ती संपली.

म्हणजे गर्दी ही नुसती वाईट नाही. मग मोठ्या शाळेत गप्प मुलाचं नेमकं काय बिनसतं? याचं मला सापडलेलं सगळ्यात पटणारं उत्तर अमेरिकेतल्या कॅन्ससचं आहे. रॉजर बार्कर आणि पॉल गम्प या दोन संशोधकांनी तिथल्या लहान आणि फार मोठ्या माध्यमिक शाळांची तुलना करून १९६४ मध्ये 'बिग स्कूल, स्मॉल स्कूल' हे पुस्तक काढलं. त्यांनी मुलांचे स्वभाव मोजले नाहीत. शाळेत कामं किती आणि ती करायला माणसं किती, हे मोजलं. मुलं जितक्या पटींनी वाढतात तितक्या पटींनी कामं वाढत नाहीत, असं त्यांना दिसलं. लहान शाळेत नाटक बसवायचं तर सगळेच लागतात. कुणी पडदा ओढतो, कुणी तिकिटं फाडतो. मोठ्या शाळेत तेच नाटक होतं आणि शेकडो मुलं प्रेक्षक होतात. त्यांच्या अभ्यासातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग काठावरच्या मुलांबद्दलचा आहे. लहान शाळेत अशा मुलांनाही 'आपण गेलंच पाहिजे, आपल्यावाचून अडेल' असं वाटत होतं. मोठ्या शाळेत तशाच मुलांना तसं काही वाटत नव्हतं, कारण त्यांच्यावाचून खरोखरच काही अडत नव्हतं.

हे वाचलं तेव्हा मला आमचं स्नेहसंमेलन आठवलं. दहा नाच, प्रत्येकात बारा मुली, म्हणजे एकशे वीस. नाटकात पंधरा. सूत्रसंचालन दोघांकडे, आणि ते दर वर्षी तेच दोघे. बाकी हजारभर मुलं मैदानात बसलेली. अंतर्मुख मुलाला व्यासपीठावर जायचं नसतंच. पण पडद्याची दोरी हातात दिली तर ते जीव तोडून ओढील. व्यक्तिमत्त्व विकासाची शिबिरं घेणाऱ्यांना हा फरक कळत नाही. ते त्याला माईकच देतात. ग्रंथालयाच्या कपाटाची किल्ली, भित्तिपत्रकाचं सुवाच्य अक्षर, पावसाची रोजची नोंद, प्रयोगशाळेतल्या बाटल्यांच्या चिठ्ठ्या, अशी कामं प्रत्येक शाळेत असतात. मोठ्या शाळेत ती शिपायाकडे जातात, नाहीतर कुणाकडेच नाही. माझा भाऊ पुढे आयटीआय करून एका टूलरूममध्ये लागला. तिथे दिवसभर एका साच्यावर, एका मायक्रॉनसाठी, न बोलता काम करावं लागतं. 'कोणात मिसळत नाही' हा शेरा असलेल्या माणसाचं तिथे फार नाव झालं. त्याच्यावाचून अडायचं.

आता माझा शेरा. 'शांत व गुणी मुलगी.' त्या वर्षभर मला फळा दिसत नव्हता. मी पाचव्या बाकावर बसायचे आणि शेजारणीच्या वहीतून उतरवून घ्यायचे. ती गैरहजर असली की माझी वही कोरी राहायची. चष्मा लागला दहावीनंतर, तोही मावशीच्या लक्षात आलं म्हणून. गुण कमी पडले, विज्ञानाकडे जायचं राहिलं, पुढचं बरंच काही राहिलं. वर्गशिक्षकांना काही खटकलं नाही, कारण शांत मुलगी ही काही काळजी करण्यासारखी गोष्ट नव्हे. भावाच्या शेऱ्यानं निदान बाबांना एक प्रश्न तरी विचारायला लावला. माझ्या शेऱ्यावर त्यांनी न वाचल्यासारखी सही केली.

आणि आपलं साहित्य इथे शाळेपेक्षा फार वेगळं वागलेलं नाही. मुकुंद, लंपन, चिन्मय, जब्या हे सगळे मुलगे. 'शाळा' मधली खरी गप्प व्यक्ती शिरोडकर आहे. तिच्या मनात काय चाललंय ते आपल्याला मुकुंदाच्या तर्कांतून कळतं. ती पाहते, किंचित हसते, चार वाक्यं बोलते आणि शेवटी निघून जाते. हा कादंबरीचा दोष नव्हे. निवेदक चौदा वर्षांचा मुलगा आहे आणि त्याला तेवढंच दिसणार. 'फँड्री' मधली शालूही अशीच, फक्त पाहण्यापुरती. पण मग शिरोडकरची 'शाळा' कुणी लिहिली? बायकांच्या आत्मकथनांत शाळा येते ती बहुधा शाळेत जायला मिळावं या लढाईत. ती जिंकून वर्गात बसल्यावर पाचव्या बाकावर दिवसचे दिवस काय वाटतं, हे सांगायला कुणाला उसंत मिळाली नसावी. मुलग्याचं मौन हे आपल्याला कोडं वाटतं म्हणून आपण त्यावर कादंबरी लिहितो. मुलीचं मौन आपल्याला उत्तर वाटतं.

भावाची मुलगी आता नववीत आहे, मोशीकडच्या एका मोठ्या शाळेत, तुकडी 'ग'. घरी फार बोलत नाही, चित्रं काढते. पालकसभेला या वेळी भाऊ मलाही घेऊन गेला. बाहेर व्हरांड्यात रांग होती, प्रत्येकाला दोन-तीन मिनिटं. बाईंचा चेहरा दमलेला होता, पण त्या हसून बोलत होत्या. आमची पाळी आल्यावर म्हणाल्या, 'मुलगी छान आहे हो, काही त्रास नाही तिचा.'

भाऊ थोडा वेळ काहीच बोलला नाही. मग त्याच्या त्या हळू आवाजात त्यानं विचारलं, 'वर्गात बोलते का, मॅडम? कोणाशी तरी?'

बाईंनी समोरचा हजेरीपट ओढला आणि पान उलटलं.

'क्रमांक काय म्हणालात तिचा?'